फॉरवर्डला डिफेन्स करायला कसं पटवायचं? (हॉकी कोच लोकांसाठी)

बोर्डवर प्लॅन काढणं सोपंय हो, खरं काम फॉरवर्डला पटवायचं की बॉल गेला की पहिला डिफेंडर तूच. क्रेग फुल्टन 2023 मध्ये भारताचे कोच झाले आणि त्यांनी हेच लावून धरलं, जिंकायचं तर आधी डिफेन्स, आणि आपल्याकडे अटॅकिंग हॉकीचा एवढा अभिमान असताना हे गळी उतरवणं किती अवघड असेल बघा.

आधी सिनियर्सना धरा. टीम मीटिंगच्या अगोदर कॅप्टन, गोलकीपर आणि मिडफिल्डमधला एखादा जाणता प्लेयर यांच्यासोबत बसा, त्यांना प्लॅनमधल्या चुका काढू द्या आणि पटलेला बदल खरंच करा. नवीन पोरगं कोचपेक्षा त्यांच्याकडे बघून खेळतं.

व्हिडिओ दाखवताना नुसती चूक दाखवू नका. फॉरवर्ड मागे पळाला, बॉल हिसकावला, समोर मोकळी जागा मिळाली आणि काउंटर अटॅकवर (लगेच उलटा हल्ला) गोल झाला, अशी अख्खी क्लिप दाखवा. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, पोरांना डिफेन्स ही शिक्षा वाटते तोवर ते मनापासून पळणारच नाहीत.

एक जण कमी असतानाचा सराव आधीच करून ठेवा, कोण कुठे सरकणार ते प्रत्येकाला पाठ पाहिजे. पॅरिस ऑलिम्पिक 2024 च्या क्वार्टर फायनलला ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपल्या अमित रोहिदासला 17व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं, उरलेली मॅच 10 जण खेळले, 1-1 वर रोखून धरलं आणि शूटआउट 4-2 ने जिंकलं, गोलकीपर श्रीजेश तर भिंतच होता पण पुढचे लोक मागे आले नसते तर मॅच तिथपर्यंत गेलीच नसती!

आता सिलेक्शन. स्टार स्ट्रायकर मागे येत नाही तरी दर मॅचला स्टार्ट करतो, मग बाकीचे तुमचं का ऐकतील? रोलिंग सब आहेत ना (प्लेयर कितीही वेळा आत-बाहेर करता येतो), बसवा त्याला थोडा वेळ, ओरडू नका, कारण सांगा. आणि गोलांसोबत टॅकल, इंटरसेप्शनपण (मधेच अडवलेले पास) मोजा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

क्वार्टर ब्रेक 2 मिनिटांचा, त्यात दोनच गोष्टी बोला.

मागे पडल्यावर पोरं आपापल्या मनाने खेळायला लागली तर चिडण्याआधी विचारा, प्लॅन समजला नव्हता की पटला नव्हता? समजला नसेल तर ग्राउंडवर चालत चालत परत दाखवा, पटला नसेल तर त्याचं म्हणणं पूर्ण ऐका आणि पुढच्या प्रॅक्टिस मॅचला त्याच्या पद्धतीने एक क्वार्टर खेळून बघा.