ब्लड स्मिअर स्कॅन करून शिकवताय? या चुका टाळा

जुलैत आमच्या कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत तिथं स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) कुठनं वाळायचा, आणि नेमक्या त्याच महिन्यात मी पोरांसाठी डिजिटल स्लाइड बनवायला घेतल्या. एका स्लाइडवर लाल पेशींत मधोमध पांढरी भोकं, कडा अगदी धारदार. सगळा वर्ग एका सुरात, "सर, हायपोक्रोमिया (पेशीत हिमोग्लोबिन कमी, म्हणून फिकट), आयर्न कमी." सीबीसी (मशीनवरची रक्तपेशींची मोजणी) काढून बघितला तर हिमोग्लोबिन, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) सगळं नॉर्मल! ओलाव्याचं आर्टिफॅक्ट, म्हणजे स्लाइड बनवताना आलेला खोटा देखावा, होतं ते. मायक्रोस्कोपवर फाइन फोकस जरा हलवला की ही भोकं चमकतात आणि चोर सापडतो, पण एकाच फोकसवर स्कॅन केलेल्या फाइलमध्ये फिरवायला स्क्रूच नाही ना राव. खऱ्या हायपोक्रोमियात मधला फिकटपणा कडेकडं हळूहळू गडद होत जातो, पोरांना आधी हा फरक दाखवा. आणि स्मिअर काढल्या काढल्या फॅनखाली वाळवा, मिथेनॉलची (स्मिअर काचेवर पक्का करायचं अल्कोहोल) बाटली उघडी टाकू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. जमलं तर झेड-स्टॅक (एकाच जागेचे वेगवेगळ्या फोकसवरचे स्कॅन) घ्या, फाइल लई फुगते हे खरं, पण मलेरियाची रिंग की पेशीवर बसलेली प्लेटलेट हा वाद त्याशिवाय मिटत नाही.

दुसरं, फक्त मधला देखणा भाग स्कॅन करून मोकळं होऊ नका. ब्लास्टसारख्या (अपरिपक्व पांढऱ्या पेशी) मोठ्या पेशी आणि प्लेटलेटचे गठ्ठे टेलकडं, म्हणजे स्मिअरच्या पातळ टोकाकडं पळतात. मशीनवर काउंट 40 हजार, स्क्रीनवरपण प्लेटलेट विरळ, म्हणून रिपोर्ट सोडायचा आणि गठ्ठे मात्र न स्कॅन केलेल्या टेलमध्ये बसलेले! ईडीटीएमुळं (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं रसायन) होतं असं, सायट्रेट (तसंच दुसरं रसायन) ट्यूबमध्ये परत सॅम्पल घ्या आणि त्यातल्या द्रवानं रक्त पातळ होतं म्हणून येणाऱ्या काउंटला 1.1 नं गुणा.

झूमचा मोह पण आवरा. 20 एक्सच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण 0.5 मायक्रॉनचा असतो, म्हणजे 7-8 मायक्रॉनची लाल पेशी जेमतेम 15 पिक्सेल रुंद, त्यात ऑअर रॉड (ब्लास्टमधली बारीक काडी) काय दिसणार कप्पाळ? माउसचं चाक फिरवून पेशी मोठी होते, डिटेल वाढत नाही. निदान 40 एक्सनं स्कॅन करा, स्केल बार (माप दाखवणारी रेघ) ठेवा.

आणि ग्रुपवर टाकायच्या आधी फाइलमधला स्लाइडच्या लेबलचा फोटो काढून टाका, बरेच स्कॅनर तो फाइलमध्येच सेव्ह करतात. माझ्या एका फाइलमध्ये पेशंटचं नाव तसंच राहिलं होतं, एका पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं.