गेम वळणावर गचकन थांबायचा: दोष रॅमच्या एकट्या पट्टीचा

स्वस्तातला लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. गेममध्ये गाडी वळली की चित्र अर्धा सेकंद गोठायचं. सेटिंग्ज उतरवल्या, ड्रायव्हर बदलले, विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. दोन रविवार पाण्यात गेले.

अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, रॅममधूनच वाटा घेतं, आणि माझी पट्टी एकच. डीडीआर४-३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, जोडी ५१.२. म्हणून दुसरी पट्टी लावली.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे दोनपैकी एकच स्लॉट (पट्टी बसवायची जागा) वापरात दिसला तरच पुढे जा, कारण काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की असते. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा रॅमचा वेग बघून तशीच लॅपटॉपची पट्टी घ्या. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा. खाच जुळवून पट्टी तिरकी आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही चिमटे टक् करून बसले पाहिजेत. माझा डावा बसला नव्हता, म्हणून पहिल्यांदा स्क्रीन काळीच राहिली!

झटके गेले. सावल्या मात्र अजून 'लो'वरच ठेवतो. रॅम वाढवून ग्राफिक्स कार्ड येत नाही.