‘मग आम्ही काय करावे?’ : आगमनकाळातल्या पश्चात्तापाची रीत

आधी कॅलेंडर काढा. ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या ख्रिस्ती तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या बाहेर तो कधीच जात नाही. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. रविवार चार मिळतात, पण आठवडे चार मिळतीलच असे नाही. नाताळ रविवारी आला तर २८ दिवस हाती असतात. सोमवारी आला तर २२ च, कारण चौथा आठवडा एका दिवसात आटोपतो. २०२६ मध्ये २६ दिवस आहेत. चौथ्या आठवड्यावर काम ढकलणाऱ्यांची फसगत इथेच होते.

हा काळ म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाची छोटी आवृत्ती नव्हे. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत गात नाहीत, पण ‘आलेलुया’ हा आनंदाचा घोष राहतो. पश्चात्ताप आहे, तो वाट पाहणाऱ्याचा. सहाव्या शतकात गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) माकोंच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत सोमवार, बुधवार आणि शुक्रवार उपवास सांगितला होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मंडळी आजही ४० दिवस पाळतात. रोमन कॅथलिकांना आगमनकाळात उपवासाची सक्ती नाही. म्हणूनच काय सोडायचे ते स्वतः ठरवावे लागते. एकच गोष्ट धरा, आणि तिच्यातून वाचलेला वेळ किंवा पैसा कुठे जाणार तेही त्याच दिवशी लिहा. ते ठरले नाही तर उपवासाचे पथ्य होते. औषधे चालू असतील, गरोदरपण असेल, तर जेवण कमी करू नका. फोन, खरेदी, वायफळ बोलणे यांतले काही सोडा.

आता मुख्य काम. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातले वाचन, दरवर्षी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाभोवती असते; येशूच्या आधी येऊन लोकांना पश्चात्तापाची हाक देणारा तो संदेष्टा. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, ‘मग आम्ही काय करावे?’ त्याची उत्तरे नीट पाहा. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशाने पैसे उकळू नका, पगारात भागवा. ज्याचा जो धंदा, त्यातलेच पाप त्याने दाखवले. तुमची आत्मपरीक्षाही तिथूनच सुरू होऊ द्या: कामाची जागा, घर, पैसा, जीभ.

पहिल्या आठवड्यात रोज रात्री दहा मिनिटे पुरेत. एक मिनिट गप्प बसा, दिवसभरातल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार माना, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवा आणि जिथे मन अडखळते तिथे थांबून एक ओळ लिहा. ‘मी रागीट आहे’ ही ओळ निरुपयोगी आहे. ते स्वभाववर्णन झाले, आणि त्यात थोडे कौतुकही लपलेले असते. ‘या आठवड्यात मुलावर जेवताना तीनदा ओरडलो, एकदा तर चूक माझीच होती’ ही ओळ कामाची. क्रियापद आणि आकडा आला की पळवाट बंद होते. वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर परीक्षा राहत नाही, स्वतःला कुरतडणे सुरू होते.

दुसऱ्या आठवड्यात पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगणे, उरका. शेवटच्या दोन-तीन दिवसांत रांगा लागतात. तिथे ना तुम्हाला सवड, ना धर्मगुरूंना. मागचे निवेदन कधी केले ते सांगा. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगा, आठवत नसेल तर अंदाजे. गोष्ट रंगवू नका, आणि दुसऱ्याची पापे तर मुळीच सांगू नका. ‘सासूबाई असं म्हणाल्या, म्हणून मी’ इथे गाडी हमखास घसरते. मिळालेले प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी पूर्ण करा. ज्या मंडळीत खासगी निवेदनाची रीत नाही, तिथे वहीतल्या ओळी देवापुढे मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना आपण शब्द गाळतो.

मग भरपाई. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करायचे कबूल केले. तुम्ही निदान मुद्दल तरी परत करा. उसने पैसे, अडवून ठेवलेली मजुरी, न दिलेले श्रेय, पसरवलेली अफवा यांची प्रत्येकी एक तारीख ठरवा. अफवा ज्यांना सांगितली त्यांनाच जाऊन ‘मी ते खात्री न करता बोललो’ म्हणावे लागते. हे सर्वांत जड जाते.

क्षमा मागताना वाक्य तपासा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ यातला ‘तर’ सगळे बिघडवतो. दोष त्याच्या वाटण्याकडे जातो. ‘मी चारचौघांत तुझा अपमान केला. माझं चुकलं.’ एवढे बोला आणि थांबा. ‘पण’ म्हणून पुढे काही जोडू नका, लगेच उत्तर मागू नका. समोरच्याने दार लावले तर पुन्हा पुन्हा वाजवणे हीही जबरदस्तीच. आणि ज्या माणसापासून मारहाणीची भीती आहे त्याच्याशी समेट करायला एकट्याने जाऊ नका. क्षमा दुरूनही करता येते.

१७ डिसेंबरपासून उपासनेचा रोख बदलतो. आधीच्या वाचनांत प्रभूच्या पुनरागमनाचा सूर असतो, आता बेथलेहेम, म्हणजे येशूचा जन्म, जवळ येतो. तुम्हीही वहीत नव्या ओळी भरणे थांबवा. त्या दहा मिनिटांत लूकचा पहिला अध्याय थोडा थोडा वाचा. भरपाईतले काही हप्ते उरले असतील तर त्यांच्या तारखा नव्या वर्षाच्या डायरीत उतरवून घ्या, आणि २४ च्या रात्री मिस्साला निघण्याआधी वहीतली ती पाने फाडून टाका.