बालहिंसा रोखण्याच्या कामात नव्याने येताना

या क्षेत्रात यायचं ठरलं की बहुतेक जण आधी करारांचा ढीग उपसायला घेतात. सुरुवातीला तीनच गोष्टी नीट वाचा: संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं कलम १९ (मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण देणारं), त्याचा अर्थ उलगडून सांगणारं बालहक्क समितीचं २०११चं सामान्य भाष्य क्रमांक १३ आणि जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्थांची २०१६ची ‘इन्स्पायर’ ही बालहिंसा रोखण्याच्या सात उपायांची मांडणी. हे उपाय एकमेकांच्या आधाराने चालतात. स्वीडनने १९७९ साली मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा घरोघरी पुस्तिका पाठवल्या आणि दुधाच्या खोक्यांवरही माहिती छापली. नुसत्या कायद्यावर ते थांबले नाहीत.

खरा कस लागतो तो माहिती गोळा करताना. मुलांवरील हिंसेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत सहसा १३ ते २४ वयाच्यांशी बोलतात. १८ ते २४चे आपल्या बालपणाबद्दल सांगतात, १३ ते १७चे गेल्या बारा महिन्यांबद्दलही. एका घरातून एकालाच निवडायचं. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या वस्त्यांतून घ्यायचे, कारण अत्याचार करणारा आणि सोसणारी एकाच वस्तीत असू शकतात, आणि प्रश्न कशाबद्दल आहेत हे त्याला कळलं तर तिच्यावर सूड उगवला जाईल. म्हणूनच घरच्यांना विषय ‘तरुणांचं आरोग्य आणि आयुष्यातले अनुभव’ एवढाच सांगतात. पूर्ण कल्पना जिची मुलाखत घ्यायची तिला, एकांतात. मध्येच कुणी आत आलं तर शाळेबद्दलच्या साध्या प्रश्नांवर वळायचं. हे वळण आधी सरावाने अंगवळणी पडायला हवं. ऐनवेळी सुचत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मदतीच्या यादीत, म्हणजे मुलाखतीत हिंसा समोर आली तर मुलांना कुठे पाठवायचं त्या यादीत. यादीतला फोन बंद, समुपदेशक बदलून गेलेला, दवाखाना फक्त दुपारपर्यंत उघडा. मुलीने तोंड उघडलं आणि पुढे कुणीच नाही, तर ती पुन्हा बोलत नाही. प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहा आणि तो तपासल्याशिवाय पथक बाहेर पाठवू नका.

आकडे वाचतानाही जपून. मदतवाहिनी सुरू झाली की तक्रारी वाढतात. त्यावरून हिंसा वाढली असा निष्कर्ष काढू नका. कल पाहायचा तर तीच पद्धत वापरून काही वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण करावं लागतं.

नोकरीच्या मुलाखतीत संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारा: कर्मचाऱ्याविरुद्धच मुलाने तक्रार केली तर ती कुणाकडे जाते? आणि दिवसभर असे अनुभव ऐकणाऱ्यांशी बोलायला कोण असतं? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी संस्था शोधा.