सर्व्हर क्लस्टरची वीज वाचवताय? या चुका टाळा

सगळ्यात फसवी चूक म्हणजे पीयूई उतरला की वीज वाचली असं धरून चालणं. पीयूई म्हणजे डेटा सेंटरची एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज. समजा एकूण १६० किलोवॅट लागतात, त्यातले १०० आयटीला. पीयूई १.६. तुम्ही रिकामे सर्व्हर बंद करून आयटी ८० वर आणलं, कूलिंग आणि यूपीएसचे ६० होते ते ५५ झाले. एकूण १३५, म्हणजे २५ किलोवॅट वाचले. पण पीयूई झाला जवळपास १.६९! अहवाल वाचणारा म्हणणार, कामगिरी बिघडली.

याच्या उलटही होतं. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सियस हवा चालते. त्यामुळे खोली गोठवून ठेवायची गरज नाही, हे खरं. म्हणून कोणी एका दिवसात सेटिंग थेट २७ वर नेतो. मग सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग २० टक्के वाढला की वीज साधारण ७३ टक्के वाढते. गंमत अशी की हे पंखे हिशेबात आयटीच्या बाजूला पडतात. पीयूई सुंदर दिसतो आणि मुख्य मीटर मात्र वर चढलेला असतो. एकेक अंशाने वाढवा, प्रत्येक पायरीवर लोड सारखा ठेवून मुख्य मीटर बघा. त्याआधी रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल लावा. नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि वरच्या सर्व्हरला २७ च्या जागी त्याहून कितीतरी गरम हवा मिळते.

रिकामे नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) आपोआप बंद करणं हा उत्तम उपाय, पण आमची एक अख्खी सकाळ त्यानेच खाल्ली. स्लर्ममध्ये (क्लस्टरवर जॉब वाटणारं सॉफ्टवेअर) पॉवर सेव्हिंग चालू केलं होतं. सकाळी बघतो तर बरेच नोड डाउन. आयपीएमआयवर (सर्व्हर दुरून तपासायची सोय) विचारलं तर सगळे चालू! आधी केबल तपासल्या, मग स्विचला शिव्या घातल्या. दोष निघाला रिझ्यूमटाइमआउटमध्ये, म्हणजे चालू केलेल्या नोडची स्लर्म किती वेळ वाट बघतो त्या सेटिंगमध्ये. त्याची डीफॉल्ट किंमत ६० सेकंद आहे आणि भरपूर मेमरी असलेला सर्व्हर मेमरी तपासून बूट व्हायला काही मिनिटं घेतो. स्लर्मने वाट पाहिली आणि नोड मेला म्हणून जाहीर केला. सर्वांत मंद नोडची बूट होण्याची वेळ घड्याळ लावून मोजा आणि तिच्या दीडपट-दुप्पट किंमत ठेवा. सस्पेंडटाइम (नोड किती वेळ रिकामा राहिला की बंद करायचा ते) फार कमी ठेवलात तर नोड दिवसभर उघडझाप करत बसतील. लॉगिन नोड आणि स्टोरेज नोड सस्पेंडच्या यादीतून वगळायला विसरू नका.

‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारं धोरण) लावला की झालं, असंही नाही. इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये पॉवरसेव्ह लोडप्रमाणे वेग बदलतो. एसीपीआय या दुसऱ्या ड्रायव्हरवर मात्र त्याच नावाचा गव्हर्नर सीपीयू सर्वांत कमी वेगावर बांधून ठेवतो. मग काम लांबतं, आणि तेवढा जास्त वेळ मेमरी, पंखे, पॉवर सप्लाय सगळे वीज खात राहतात. म्हणून वॅट बघत बसू नका, एका जॉबला किती युनिट लागली ते बघा. बायोसमध्ये ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ प्रोफाइल असेल तर ऑपरेटिंग सिस्टिममधल्या खटपटीचा फारसा उपयोग नाही. नोड रिकामा असताना टर्बोस्टॅट (सीपीयूची स्थिती दाखवणारी कमांड) चालवा. सी-६ म्हणजे सीपीयूच्या गाढ झोपेचा रकाना शून्यच दाखवत असेल तर आधी बायोस उघडा.

मोजमापातही गल्लत होते. रॅपल या प्रोसेसरमधल्या वीजमोजणीचा आकडा प्रोसेसरचा आणि फार तर मेमरीचा. पंखे, डिस्क, पॉवर सप्लायमधली गळती त्यात येत नाही. पंख्यांवरचा प्रयोग रॅपलने तपासणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. बीएमसीचं (सर्व्हरवर देखरेख करणारी चिप) रीडिंग घ्या, पीडीयूचं (रॅकला वीज वाटणारी पट्टी) मिळालं तर आणखी चांगलं.

कुबरनेटिसवाल्यांसाठी (कंटेनर चालवणारी प्रणाली): डीफॉल्ट शेड्यूलर पॉड (कंटेनरचे गट) नोडांवर पसरवतो, त्यामुळे पूर्ण रिकामा नोड मिळतच नाही. नोड निवडायची पद्धत (स्कोअरिंग) मोस्टअ‍ॅलोकेटेड करा, म्हणजे आधीच भरलेल्या नोडांवर काम एकवटेल आणि उरलेले नोड बंद करता येतील.

जीपीयूवर पॉवर लिमिट लावलीत तर ती रीबूटनंतर पुसली जाते. दर बूटला आपोआप चालणाऱ्या सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये टाका. आणि वर सांगितलेलं नोड बंद-चालू करणं तुमच्याकडे असेल, तर ती लिमिट रोजच पुसली जातेय.