ओढ्यातल्या कुजक्या लाकडावरची बुरशी ओळखताना

या विषयाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा आधी डीएनएविषयी विचारतात. कोणता जनुकखंड वाचावा, किती खर्च येतो, निकाल किती दिवसांत मिळतो, हे प्रश्न रास्तच आहेत. तरीही माझ्या अनुभवात ओळख चुकते ती बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे लाकूड उचलताना आणि पहिली काचपट्टी तयार करताना.

मी कामाला सुरुवात केली ती आंबोलीच्या परिसरातील ओढ्यांपासून. पावसाळ्यात तिथे पाण्याला इतका जोर असतो की नमुने घेणे धोक्याचे असते; म्हणून वनविभागाची परवानगी हाती ठेवून पाणी निवळल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर जाणे मला सोयीचे वाटले. नुकतीच पडलेली, साल शाबूत असलेली फांदी फारसे काही देत नाही आणि बोटांत चुरा होणारे लाकूड प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत टिकत नाही. साल गळालेला, पृष्ठभाग काळवंडलेला, नख रुतेल इतपत मऊ झालेला पण आतून घट्ट असा तुकडा उत्तम. हा मऊपणा बुरशीचेच काम असतो. बुडालेल्या लाकडात प्राणवायू कमी असल्याने जमिनीवरचे लाकूड कुजवणाऱ्या छत्रीवर्गातील बुरशींचा तिथे फारसा जम बसत नाही. त्यांची जागा ॲस्कोमायसीट, म्हणजे सूक्ष्म पिशवीत बीजाणू तयार करणाऱ्या गटातील बुरशी आणि त्यांची अलैंगिक रूपे घेतात. त्यांतील अनेक जाती पेशीभित्तिकेच्या मधल्या थरात पोकळ्या कोरत जातात. यालाच सॉफ्ट रॉट म्हणतात.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. कवकशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये इंग्लंडमधील ओढ्यांत कुजणाऱ्या पानांवरच्या ज्या चार हातांच्या बीजाणूंचे वर्णन केले, त्या बुरशी प्रामुख्याने पानांवरच्या आहेत. ओढ्याच्या फेसात त्यांचे बीजाणू सहज मिळतात, त्यामुळे नवा विद्यार्थी त्यांनाच गोड्या पाण्यातील सर्व बुरशींचे प्रतिनिधी समजतो. लाकडावरचे जग निराळे आहे आणि ते सावकाश उघडते.

तुकडे घरी आणल्यावर धुऊन, ओला टिपकागद घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि आठवड्याभरात पहिली तपासणी करावी. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तोच तुकडा पुन्हा पाहावा. काही बुरशींची फलांगे, म्हणजे बीजाणू तयार करणारी इवलीशी अंगे, तीन-चार महिन्यांनी पक्व होतात. अपक्व फलांगावरून नाव ठरवण्याचा मोह मात्र आवरलाच पाहिजे, कारण बीजाणूंचा रंग आणि त्यांच्या पेशींमधले पडदे शेवटी येतात. सॅव्होरिएला लिग्निकोलाच्या पक्व बीजाणूत मधल्या दोन पेशी तपकिरी आणि टोकाच्या दोन रंगहीन असतात. कोवळेपणी सगळाच बीजाणू रंगहीन दिसतो आणि ओळखीची ही सर्वांत सोपी खूण हाती लागत नाही.

माझी स्वतःची मोठी चूक रंजकाची होती. पदवीच्या वर्गात लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंजकाची सवय लागलेली असल्याने मी प्रत्येक नमुना थेट त्यातच पाहत असे. एका बुरशीचे मी दोन आठवडे मोजमाप घेतले, चित्रे काढली आणि बीजाणूला आवरण नाही असे नोंदवून ती चुकीच्या प्रजातीत (जीनसमध्ये) बसवली. वरिष्ठांनी तीच बुरशी साध्या पाण्यात पाहायला सांगितली, तेव्हा प्रत्येक बीजाणूभोवती रुंद, पारदर्शक श्लेष्मल आवरण दिसले. रंजकाने ते आकसून दिसेनासे झाले होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, छायाचित्र आणि मोजमाप पाण्यातच, मग आवरण उठून दिसावे म्हणून काळी शाई, मग ॲस्कसच्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीच्या, टोकासाठी मेल्झरचे आयोडीनयुक्त द्रावण आणि सर्वांत शेवटी रंजक. ॲन्युलॅटास्कस प्रजातीत ॲस्कसच्या टोकाशी मोठे, प्रकाशाचे वक्रीभवन करणारे कडे असते आणि ते मेल्झरमध्ये निळे होत नाही. हे दोन्ही गुण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. किमान तीस बीजाणूंचे मोजमाप घ्यावे.

रूपावर विसंबण्यालाही मर्यादा आहे आणि डीएनएचे खरे महत्त्व तिथे आहे. स्पोरिडेस्मियम या नावाखाली लांबट, तपकिरी, अनेक पडद्यांचे बीजाणू असलेल्या जाती वर्षानुवर्षे एकत्र ठेवल्या गेल्या. जनुकीय अभ्यासात त्या डोथिडिओमायसीट्स आणि सॉर्डेरिओमायसीट्स अशा दोन वेगळ्या वर्गांत विखुरलेल्या निघाल्या. बीजाणूंची रूपे सारखी असली तरी नाते वेगळे असू शकते, हे त्या उदाहरणाने मला पहिल्यांदा नीट समजले. म्हणून पाणी-अगरवर एकेका बीजाणूचे अंकुरण करून शुद्ध संवर्ध, म्हणजे त्या एकाच बुरशीची वाढ, मिळवावा आणि आयटीएस या नेहमीच्या डीएनए-खंडासोबत एलएसयू व टीईएफ-१ अल्फा हे खंडही वाचावेत. डीएनए-क्रमांच्या माहितीसाठ्यातील सर्वांत जवळचे नाव म्हणजे आपल्या बुरशीचे नाव नव्हे. त्या नोंदीमागे प्रारूप नमुना (ज्याच्याशी जातीचे नाव कायमचे जोडलेले असते तो मूळ नमुना) आहे की कोणी अंदाजाने दिलेले नाव, हे दर वेळी तपासावे लागते.

जाती नवी ठरली, तर १ जानेवारी २०१३ पासून नावासाठी मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या नोंदणीतील क्रमांक अनिवार्य आहे आणि जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार नमुना अधिकृत भांडारात जमा करावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुकवलेल्या नमुन्यांसाठी अजरेकर कवकसंग्रह आणि जिवंत संवर्धांसाठी राष्ट्रीय संग्रह, अशी दोन्ही सोय आहे. पाकिटात लाकूड ठेवताना फलांगाभोवती पेन्सिलने वर्तुळ काढावे. हाताच्या बोटाएवढ्या तुकड्यावर पाव मिलिमीटरचे ते काळे टिंब पुढच्या अभ्यासकाला त्यावाचून सापडत नाही.