टार्टचा तळ ओला राहत होता, त्यावर सापडलेला उपाय

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या बेकवेल गावाच्या नावाने ओळखले जाणारे बदाम-जॅमचे टार्ट (पिठाच्या वाटीत जॅम, वर बदामाचं सारण) मी छोट्या साच्यांत करते. वरून मस्त सोनेरी व्हायचे, पण तळ कच्चट, ओलसर. वेळ वाढवली की कडा करपायच्या आणि तळ तसाच!

साचे ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) जाळीवर ठेवले की तळाला उष्णता उशिरा पोचते. तोवर लोणी वितळतं आणि जॅमचं पाणी पिठात मुरतं. आता ट्रे आत ठेवूनच ओटीजी २०० अंशांवर तापवते, दोन्ही रॉड चालू. फ्रिजमधले गार साचे थेट त्या तापल्या ट्रेवर ठेवते आणि दहा मिनिटांनी १८०वर आणते. साचे ॲल्युमिनियमचेच घ्या. सिलिकॉनचे दिसायला गोड, पण तळ खुसखुशीत होत नाही.

जॅमही आधी आटवून गार करते. रास्पबेरीचा महाग पडतो, म्हणून मी स्ट्रॉबेरीचा वापरते, लिंबू पिळून. प्रत्येकात जेमतेम अर्धा चमचा. जास्त झाला की उकळून बाहेर येतो आणि साच्याला चिकटून बसतो.

सारण सोपं: लोणी, साखर, बदामपूड प्रत्येकी ५० ग्रॅम, एक अंडं. बदाम साखरेबरोबरच फिरवा, नुसते फिरवले तर तेल सुटतं. सारण फुगतं, त्यामुळे साचा पाऊणच भरा.

भाजल्यावर पाच मिनिटांत टार्ट साच्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफ धरून तळ पुन्हा मऊ पडतो.